सीमेन्स लोकल दोन प्रकारच्या विजेवर कशी धावत होती?

प्रश्न असा आहे : मुंबईत २००७ पासून आलेल्या जांभळ्या-पांढऱ्या लोकल १,५०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) आणि २५,००० व्होल्ट एसी (दिशा बदलत वाहणारी वीज) अशा दोन्ही विजांवर धावत असत, तर ते कसे जमत असे, आणि आता सगळीकडे एसीच असल्यामुळे गाडीतली डीसीची यंत्रणा वाया गेली का? गाडी थांबताना वीज तारेत परत जाते म्हणजे काय होते, हा उपप्रश्नही त्याला जोडलेला आहे. लोकलच्या देखभालीत माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली, त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो.

प्रथम नावाविषयी. प्रवासी हिला ‘सीमेन्स लोकल’ म्हणतात, आणि कारशेडमध्येही आम्ही ‘सीमेन्स रेक’ असेच म्हणत असू (रेक म्हणजे डबे जोडून तयार झालेली अख्खी गाडी). परंतु डबे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत तयार झालेले आहेत आणि सीमेन्सची आहे ती विद्युत यंत्रणा. मुंबई रेल्वे विकास महामंडळाने जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात नऊ डब्यांचे १०१ रेक, म्हणजे ९०९ डबे, घेतले गेले. पुढे त्यांतील अनेक रेक बारा डब्यांचे करण्यात आले. पहिला रेक नोव्हेंबर २००७ मध्ये पश्चिम रेल्वेवर धावू लागला.

या गाड्यांबद्दल बोलताना लोक मोठ्या खिडक्या, स्टीलची आसने आणि छतातून येणारी हवा यांची आठवण काढतात. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण माझ्या मते या वर्गाचे खरे काम वेगळे होते. मुंबईची उपनगरी सेवा एकही दिवस पूर्ण बंद न ठेवता डीसीवरून एसीवर नेण्यासाठी जो पूल लागणार होता, तो पूल म्हणजे ही गाडी. दोन विजांवर धावण्याची क्षमता ही तिच्यात जाता जाता घातलेली सोय नव्हती. तिची सबंध विद्युत रचनाच त्या गरजेभोवती उभी आहे.

गरज का पडली, ते आधी पाहू. मुंबईत विजेवरची पहिली रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर धावली, आणि १९२८ च्या जानेवारीत कुलाबा-बोरिवली मार्गही विजेवर आला. दोन्हीकडे १,५०० व्होल्ट डीसी होती. त्या काळाचा विचार करता ती निवड योग्यच होती, कारण डीसी सीरीज मोटर सुरुवातीला भरपूर ओढ देते आणि तिला चालवण्यासाठी गाडीत फारसे अवघड काही लागत नाही. भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्ट एसी स्वीकारण्याचा निर्णय घेतला तो १९५७ मध्ये. तोवर मुंबईचे जाळे डीसीवर पुरते उभे राहिले होते आणि गर्दीही एवढी वाढली होती, की ते बदलायला हात लावणे कोणालाच सोपे नव्हते.

डीसीची अडचण एका साध्या हिशेबातून कळते. समजा, एका गाडीला वेग घेताना ३,००० किलोवॅट शक्ती लागते. १,५०० व्होल्टवर त्यासाठी तारेतून २,००० अँपिअर प्रवाह ओढावा लागतो. २५,००० व्होल्टवर तेवढ्याच कामाला ढोबळमानाने १२० अँपिअर पुरतात. तारेत उष्णतेच्या रूपाने जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून डीसीच्या तारा तांब्याच्या जाडजूड, आणि उपकेंद्रे दर काही किलोमीटरवर ठेवावी लागत. एवढे करूनही सकाळी नऊच्या सुमारास, जेव्हा एकामागून एक गाड्या एकाच वेळी उठाव घेत, तेव्हा तारेतील दाब (व्होल्टेज) खाली येई आणि गाड्या मंदावत. बारा डब्यांच्या गाड्या वाढवायच्या, पंधरा डब्यांच्या आणायच्या, त्यांना जास्त शक्तीच्या मोटरी द्यायच्या, तर डीसीने ते पेलवणारे नव्हते. शिवाय रुळांतून परतणारा डीसी प्रवाह काही प्रमाणात जमिनीत झिरपतो आणि आसपासच्या लोखंडी नळांना खातो. प्रवाशाला हे कधी दिसत नाही, पण रुळांशेजारी नळ टाकणाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

मग एका रात्रीत वीज का बदलली नाही, असे कोणी विचारील. एका रात्रीत बदलायची, तर त्याच रात्री धावणारा प्रत्येक रेकही बदलावा लागला असता. टप्प्याटप्प्याने बदलायची, तर डीसी आणि एसी यांची सीमा कुठेतरी मार्गाच्या मध्यावर येणार, आणि चर्चगेटहून विरारला किंवा मुंबईहून कल्याणपलीकडे जाणारी प्रत्येक गाडी ती सीमा ओलांडणार. जुनी पिवळी-तपकिरी डीसी लोकल त्या सीमेवर अडकून पडली असती. म्हणजे सीमा हलवण्याआधी ती ओलांडू शकणाऱ्या गाड्या पुरेशा संख्येने हाताशी असणे भाग होते. जुन्या काही रेकमध्ये फेरबदल करून त्यांना दोन्ही विजांवर चालण्याजोगे केले होते, पण संख्येचा प्रश्न सुटला तो या १०१ रेकनी.

आता मूळ प्रश्न. सीमेन्स गाडीच्या मोटरी तीन-फेजच्या इंडक्शन मोटरी आहेत. जुन्या डीसी मोटरीत कॉम्युटेटर, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारा तांब्याचा गोल, आणि त्यावर घासणारे कार्बन ब्रश असत. पावसाळ्यात ओलावा आणि कार्बनची भुकटी एकत्र आली की ठिणगी उडून मोटर बसायची. जून ते सप्टेंबर आमचा अर्धा जीव त्या मोटरींतच अडकलेला असे. इंडक्शन मोटरीत ब्रशच नाहीत, पण तिचा वेग बदलायचा तर तिला पुरवलेल्या विजेचा दाब आणि वारंवारिता दोन्ही बदलावी लागतात. हे काम इन्व्हर्टर करतो. त्यात आयजीबीटी या जातीचे अर्धसंवाहक स्विच असतात, आणि ते सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून स्थिर डीसी विजेतून हव्या त्या वारंवारितेची तीन-फेज वीज घडवतात.

सगळे गुपित या इन्व्हर्टरच्या पोटात आहे, कारण त्याला स्वतःला डीसीच लागते. मोटर तीन-फेज एसीवर चालते, पण इन्व्हर्टरच्या आधी, वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर सांभाळलेली, डीसीची एक पायरी असते. तिला डीसी लिंक म्हणतात. गाडी कोणत्याही तारेखाली असो, तिला एवढेच साधायचे असते की डीसी लिंकवर योग्य दाब यावा. लिंकच्या पुढचे सगळे, म्हणजे इन्व्हर्टर, मोटरी, गिअर आणि चाके, दोन्ही विजांसाठी अगदी तेच.

एसीखाली पॅन्टोग्राफमधून, म्हणजे छतावरून तारेला टेकणाऱ्या सांगाड्यातून, आलेले २५,००० व्होल्ट व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरमधून ट्रान्सफॉर्मरमध्ये जातात, तिथे दाब उतरतो, आणि मग लाइन कन्व्हर्टर त्या एसीची डीसी करून लिंक भरतो. डीसीखाली ट्रान्सफॉर्मर आणि लाइन कन्व्हर्टर यांची ती वाट बाजूला राहते. १,५०० व्होल्ट हायस्पीड सर्किट ब्रेकर आणि चोक यांमधून जवळजवळ थेट लिंकवर पोहोचतात. चोकचे काम म्हणजे प्रवाहातील चढउतार गुळगुळीत करणे. ब्रेकर वेगळा का, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. एसीचा प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून तो तोडणे तुलनेने सोपे. डीसीचा प्रवाह आपण होऊन शून्यावर कधीच येत नाही, त्यामुळे त्याची ठिणगी ताणून, विझवून तोडावी लागते, आणि तेही मिलिसेकंदांत.

खरा धोका सीमेवर असतो. डीसीच्या वाटेत चुकून २५,००० व्होल्ट शिरले, तर काय उरेल याची कल्पना करवत नाही. म्हणून दोन विजांच्या मध्ये तारेचा काही भाग विजेविना ठेवलेला असतो. त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. तिथे येण्याआधी मोटरमन पाटीवरील खुणेप्रमाणे ब्रेकर उघडतो, गाडी आपल्या वेगावर तो भाग पार करते, आणि पलीकडे गेल्यावर गाडीतील यंत्रणा तारेवर कोणती वीज आहे ते मोजून मगच त्या विजेची वाट जुळवते व ब्रेकर लागू देते. माणसाने चुकीचे बटण दाबले तरी मोजमाप जुळल्याखेरीज पुढची पायरी घडू नये, अशी ती साखळी असते. त्या काळात रोज ये-जा करणाऱ्यांना आठवत असेल की ठरावीक जागी पंखे थांबायचे, बहुतेक दिवे जायचे, आणि बॅटरीवरचे मोजके दिवे तेवढे राहायचे. कोणी ‘गेली वाटतं लाइट’ म्हणून वर बघेपर्यंत सगळे पूर्ववत होई. एसी मार्गांवरही दोन उपकेंद्रांच्या हद्दीत न्यूट्रल सेक्शन असतातच, त्यामुळे हा अनुभव आजही अधूनमधून येतो. फक्त पलीकडे आता वेगळी वीज नसते.

गाडीच्या बाजूने हे झाले. मार्गाच्या बाजूचे काम त्याहून मोठे होते, आणि त्याची वाहवा कमी झाली असे मला नेहमी वाटते. तारा डीसीवर चालू असतानाच रात्रीच्या आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये त्यांचे इन्सुलेटर २५,००० व्होल्टच्या योग्यतेचे बसवले गेले. उंच दाबाच्या तारेला पूल, छत, खांब यांपासून जास्त अंतर लागते, आणि मुंबईतील ब्रिटिशकालीन रस्तापूल बसके होते. कुठे रूळ खाली घेतले, कुठे पूलच काढावा लागला. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला तो याच ओघात. सिग्नलची ट्रॅक सर्किटे दोन्ही विजांच्या सान्निध्यात बिनचूक चालतील अशी करावी लागली, कारण रूळ हे गाडीचा प्रवाह परत नेणारे वाहकही असतात आणि पुढे गाडी उभी आहे की नाही हे सिग्नलला सांगणारेही. इन्व्हर्टरच्या उघडझापीतून निघणाऱ्या लहरी त्या सिग्नलच्या वारंवारितेत मिसळू नयेत, ही अट म्हणूनच अशा प्रत्येक गाडीवर असते, आणि ती पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावाचून गाडी प्रवाशांत येत नाही.

सीमा अशी हळूहळू शहराकडे सरकत गेली. फेब्रुवारी २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेवर ती चर्चगेटला पोहोचून संपली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर जून २०१५ उजाडला, आणि हार्बरवर एप्रिल २०१६. शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ला आणि छत्रपती शिवाजी टर्मिनस यांच्यामध्ये धावली. ज्या मार्गावर १९२५ मध्ये सुरुवात झाली, त्याच मार्गावर ९१ वर्षांनी शेवट झाला. हा योगायोग नव्हे. सर्वांत जुने आणि सर्वांत अडचणीचे बांधकाम तिथेच असल्यामुळे ते काम शेवटी ठेवणे भाग पडले.

आता डीसीची यंत्रणा वाया गेली का? वर सांगितलेली रचना पाहिली की उत्तर मिळते. निव्वळ डीसीसाठी असलेला भाग थोडा आहे : हायस्पीड ब्रेकर, डीसीच्या वाटेतील उपकरणे, वीज ओळखून वाट बदलणारे स्विच. तेवढे वजन आता बिनकामाचे, हे खरे. देखभाल करणाऱ्याला मात्र त्यात सुटकाच आहे, कारण सर्वांत जास्त झिजणारी आणि ठिणग्या खाणारी उपकरणे तीच होती. इन्व्हर्टर, मोटरी आणि लाइन कन्व्हर्टर यांना आज पूर्वीपेक्षा अधिक काम आहे. सीमा ओलांडण्याची गरज संपत आल्यावर दुसऱ्या टप्प्यात जे ७२ रेक घेतले गेले, त्यांतली बॉम्बार्डियरची यंत्रणा केवळ एसीसाठी आहे. २०१५ पासून त्या गाड्या धावत आहेत. दोन विजांसाठी घडलेली गाडी म्हणूनच त्या पंधरा-वीस वर्षांच्या गरजेची खूण ठरते.

थांबताना परत जाणारी वीज या विषयात डीसी आणि एसी यांचा फरक फार बोलका आहे. इंडक्शन मोटरीला तिच्या फिरण्याच्या गतीपेक्षा थोड्या कमी वारंवारितेची वीज दिली की ती मोटर राहत नाही, जनित्र होते. गाडीची गतिज ऊर्जा विजेत रूपांतरित होते आणि त्या ओढीने गाडी मंदावते. ती वीज इन्व्हर्टरमधून उलटी डीसी लिंकवर येते. एसीखाली लाइन कन्व्हर्टर ती पुन्हा एसी करून ट्रान्सफॉर्मरमार्गे तारेत देतो; जवळपास दुसरी गाडी वेग घेत असेल तर ती ती वापरते, नसेल तर उपकेंद्रातून पुढे वीजजाळ्यात जाते. डीसीखाली तशी सोय नव्हती. डीसी उपकेंद्रात एसीची डीसी करणारे रेक्टिफायर असतात आणि त्यांतून प्रवाह एकाच दिशेने जातो. त्यामुळे परत आलेली वीज घ्यायला त्याच टापूत दुसरी गाडी उठाव घेत असली तरच ती कामी येई. नाहीतर तारेतील दाब वाढू लागे, यंत्रणा वीज देणे आवरते घेई, आणि उरलेला भार हवेच्या ब्रेकवर पडे. म्हणजे या गाडीचा जो गुण सर्वांत जास्त गाजला, त्याचे पूर्ण फळ मिळाले ते डीसी गेल्यानंतरच. या पद्धतीने विजेत ३० ते ३५ टक्के बचत होते, असा रेल्वेच्या बाजूने मांडला जाणारा आकडा आहे, आणि स्थानके एक ते तीन किलोमीटरच्या अंतरावर असताना, वेग घेऊन लगेच तो मोडायचा हाच दिवसभराचा उद्योग असताना, त्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

तुलनेसाठी जुनी डीसी लोकल आठवा. ती सुटताना मोटरींच्या वाटेत रेझिस्टन्स घातलेले असत आणि वेग वाढेल तसतसे कॅमशाफ्ट ते एकेक करून बाहेर काढी. प्रत्येक पायरीला उभ्या प्रवाशांना बारीक हिसका बसे, आणि रेझिस्टन्समध्ये वीज निव्वळ उष्णता होऊन जाई. थांबण्यासाठी विजेचा ब्रेक नव्हताच. सगळी ऊर्जा चाकांवर ब्रेक ब्लॉक घासून संपवायची. ब्लॉक बदलण्याचे काम कधी संपत नसे, आणि भरधाव आलेली गाडी थांबली की फलाटावर त्या जळक्या लोखंडाचा वास रेंगाळायचा. नव्या गाड्यांत ब्लॉकची झीज किती घटली हे ज्याने दोन्ही गाड्यांखाली वाकून पाहिले आहे, त्याला हिशेबाची गरज लागत नाही.

छतातील हवेबद्दल एक वाक्य सांगितले पाहिजे, कारण तिला पुष्कळ जण वातानुकूलनाचा गरीब अवतार समजतात. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात, असे रेल्वे स्वतःच मानते. डबा १२ फूट रुंद असला तरी मधोमध अडकलेल्याला खिडकीची हवा पोहोचत नाही. छतावरील पंख्यांनी बाहेरची हवा ढकलून आत आणायची, ही त्यावरची व्यवस्था आहे, आणि तिच्यात थंडावा देण्याचा हेतू मुळात नाही. वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून पश्चिम रेल्वेवर धावू लागली. तिच्यात दारे आपोआप बंद होतात, आणि ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारातून पडून प्रवाशांचे मृत्यू झाल्यानंतर साध्या डब्यांनाही तशी दारे देण्याची घोषणा झाली. ती देताना दारांना झरोके आणि छतावरून अधिक हवा यांचा आराखडा सांगितला गेला, त्याचे कारण वरच्या वाक्यातच आहे : दार बंद केले की एवढ्या माणसांच्या श्वासाचे काय करायचे, हा पहिला प्रश्न उभा राहतो.

शेवटी, हे सगळे प्रवास करताना ओळखता येते का, असे कोणी विचारल्यास मी मोटर कोचमध्ये, म्हणजे मोटरी असलेल्या डब्यात, बसायला सांगतो. बारा डब्यांच्या गाडीत असे चार डबे असतात, आणि ज्या डब्याच्या छतावर पॅन्टोग्राफ आहे तो मोटर कोच. चारही मोटर कोच स्वतंत्रपणे काम करतात, त्यामुळे एखादा बिघडला तर त्याला वेगळे काढून उरलेल्या तिघांवर गाडी कारशेडपर्यंत आणता येते. गाडी सुटताना पायाखालून जो सूर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो, तो इन्व्हर्टरच्या उघडझापीचा. स्थानक जवळ आल्यावर तोच सूर उतरत्या क्रमाने पुन्हा ऐकू येतो. त्या वेळी गाडी तारेला वीज देत असते. फलाटावर गाडी अगदी सावकाश सरकत असताना सूर थांबतो आणि हवेचा फुसकारा ऐकू येतो. तिथे मोटरींकडून मिळण्याजोगी ऊर्जा संपलेली असते, आणि शेवटचे काही मीटर ब्रेक ब्लॉक आपले जुने काम करतात.